परातीएवढी नात

देवळी गावात कुणाच्या घरी लग्न निघालं, की मुहूर्त काढून झाल्यावर लोक पहिल्यांदा प्रभाकररावांकडे येत. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं बिछायत केंद्र होतं. गाद्या, सतरंज्या, कनाती, खुर्च्या, भोंगे, जनरेटर, हजार माणसांच्या सैपाकाचे गंज आणि पराती, सगळं मिळायचं. या धंद्यात त्यांना प्रत्येक अडचणीवर एकच उपाय सापडला होता.

“मागच्याइले आयकू नाई येत? तानबा, अजून एक भोंगा बांध.”

“नवरी दिसत नाई? स्टेज फूटभर उचल.”

तानबा त्यांचा जुना माणूस. तो न बोलता भोंगा बांधायचा, स्टेज उचलायचा, आणि खरोखरच ऐकू यायचं, दिसायचं. त्यामुळे मोठं केलं की भागतं, यावर प्रभाकररावांचा विश्वास बसला तो बसलाच. घरातही तसंच. बायकोने, वच्छलाबाईंनी, एकदा कांदे संपल्याचं सांगितलं तर हातगाडीवरून पोतं आलं. ते अर्धं सडलं. ते निवडून फेकायचं काम अर्थात वच्छलाबाईंचं.

वच्छलाबाईंचे डोळे बिघडले ते आधी फक्त संध्याकाळचे. दिवेलागणीला त्या बादलीला अडखळायच्या. एकदा वाढलेल्या ताटातच पाय पडला. घर हसलं, त्याही हसल्या. मग दिवसाही कडेचं माणूस दिसेनासं झालं. बाजारात शेजारच्या शोभाबाई अगदी जवळून गेल्या आणि यांनी ओळख दिली नाही, तेव्हा गल्लीत बोलणं झालं, “प्रफुलचं लगन झालं तशी वच्छलाबाई मोठी झाली.” प्रफुल म्हणजे त्यांचा मुलगा. त्याच्या बायकोने, मयुरीने, हे ऐकलं आणि पुढच्या वेळी सासूच्या कोपराला धरून तीच म्हणाली, “आई, डावीकडं शोभाकाकू आहेत.”

नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की डोळ्यातल्या नसा कडेकडेने सुकत चालल्या आहेत. औषध नाही, ऑपरेशन नाही.

“मंग मोठ्या नंबरचा चष्मा द्या नं,” प्रभाकरराव म्हणाले.

“चष्म्याचा प्रश्न नाही हा. आहे ते किती दिवस राहील, तेही मी सांगू शकत नाही.”

डॉक्टरांनी कागदावर वर्तुळं काढून बरंच समजावलं. प्रभाकररावांच्या कानात ते शेवटचं वाक्यच राहिलं. येताना बसमध्ये ते एकदाच बोलले. “चहा घेतं का?”

त्याच वर्षी हैदराबादला प्रेरणाला मुलगी झाली. प्रेरणा त्यांची धाकटी. बारसं तिकडेच, सासरी झालं. रेल्वेचा प्रवास, जिने, अनोळखी घर, तेही संध्याकाळचं. वच्छलाबाई गेल्या नाहीत. “पोट्टीच्या बारशात मीच कोठंतरी पडली तं?” म्हणाल्या. प्रभाकरराव एकटे जाऊन आले. मागून जावई गजेंद्रने बारशाची सीडी पाठवली.

घरचा टीव्ही प्रफुलच्याही लग्नाआधीचा. त्यावर गोरं माणूसही सावळं दिसायचं. वच्छलाबाई बैठकीत न बसता पार सैपाकखोलीच्या उंबऱ्यावर जाऊन बसल्या आणि तिथून पाहू लागल्या.

“एवढ्या लांबून काय दिसन तुले?”

“दिसते.”

“कशी आहे मंग?”

“काळपट काळपट आहे सारं. तोंड उमजत नाई.”

प्रेरणा दिवाळीला येणार म्हणाली होती, पण पोरीला थंडी बाधली आणि ते राहिलं. नातीचं तोंड आपण पाहणार की नाही, एवढं एकच आता वच्छलाबाईंच्या मनात होतं. त्या ते बोलत नसत. फक्त फोनवर प्रेरणाला विचारत, “नाक कसं आहे वं? अन् जावळ?” आणि ऐकलेलं मयुरीला पुन्हा सांगत, जणू पाहूनच आल्या.

सोयाबीनच्या पैशावर सुरू झालेल्या लग्नसराईत प्रभाकरराव माल आणायला नागपूरला गेले आणि प्रोजेक्टर घेऊन आले. दुकानदाराने अंधाऱ्या खोलीत अख्ख्या भिंतीवर समुद्र दाखवला होता. “काका, घरच्या घरी टॉकीज. हाय डेफिनेशन. आणि किंमत आपल्या माणसाला झेपणारी.” प्रभाकररावांना समुद्र दिसलाच नाही. त्यांना त्या भिंतीवर नात दिसली, जमिनीपासून छतापर्यंत. एवढी मोठी केली तर कुणाला दिसणार नाही?

दुसऱ्या दिवशी तानबाने बैठकीची भिंत पांढरी केली. घड्याळ, कॅलेंडर, देवांचे फोटो काढून ओसरीत लावले. वच्छलाबाई पुढे कितीतरी दिवस सकाळी त्या कोऱ्या भिंतीलाच हात जोडत होत्या.

“बाबा, मशीन एचडी आहे, पण सीडी तं साधीच आहे,” प्रफुल म्हणाला. “मोठं केलं तं चित्र फुटनच.”

“तू गप राह्य. दिव्याचं बटन दाब.”

संध्याकाळी खिडक्यांना कनाती बांधल्या. लोडशेडिंगची वेळ होती म्हणून गोदामातला जनरेटर अंगणात आला. गल्ली जमली. शोभाबाई दारातूनच ओरडल्या, “भाऊ, तिकीट कोण फाडते?”

“तुमाले फुकट. पण चिल्लेपिल्ले मांडीवर घ्या.”

वच्छलाबाईंची खुर्ची सगळ्यात पुढे. शेजारी प्रभाकरराव. अंधार झाला तसा वच्छलाबाईंना स्वतःचा हातही दिसेना. त्यांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. समोर काहीतरी लालसर सरकलं, मग पांढरं, मग चकाकणारं. मागून बाया म्हणत होत्या, “अगोबाई, डोये किती मोठे!” “नाकाची भोकं पाहा, घागरीएवढी!” वच्छलाबाई हसण्याचा आवाज आला की हसत होत्या.

“कशी दिसून राह्यली?”

“छान.”

“अवं, पण कोणाच्या वळणावर गेली, सांग.”

“तुमच्यावर गेली पुरी.”

भिंतीवर त्या वेळी गजेंद्रची आई होती. जरीची साडी, कपाळभर कुंकू, तोंडात विडा.

सगळी बैठक हसत सुटली. शोभाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. प्रभाकररावही हसले, मोठ्याने हसले. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. त्याही हसत होत्या, पण कशाला ते त्यांना माहीत नव्हतं.

सकाळी चहा देताना मयुरी थांबली. ती हिंगणघाटची. लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यांशी तिचं बोलणं ‘मामाजी, पान वाढलं’ एवढंच होतं. तिने हातातली एक बांगडी काढली.

“मामाजी, हात लांब करून ह्याच्यातून पाहा. एक डोळा मिटून.”

“काय पाहू?”

“भिंत. डॉक्टरांच्या कागदावर गोल काढले आहेत नं, तसं. आईले तेवढंच दिसते. काल पोरीचं नाक दिसलं तं डोळा नाही, डोळा दिसला तं तोंड नाही. मोठं केलं तसं त्यांचं अजूनच हरवलं.” मग तिने मान खाली घातली. “त्या मुद्दाम उंबऱ्यावर बसत होत्या. लांबून आकृती लहान होते, बांगडीत मावते.”

प्रभाकररावांनी बांगडीतून भिंत पाहिली. मग उठून उभे राहिले, मागे मागे सरकले आणि पाहिली. चहा निवला.

“तिनं मले काऊन नाई सांगितलं?”

आतून वच्छलाबाईंचा आवाज आला. “एवढ्या हौसेनं आणलं तुमी. काय सांगू?”

त्या संध्याकाळी गल्लीला बोलावलं नाही. प्रोजेक्टर भिंतीजवळ न्यायचा, म्हणजे चित्र लहान होईल, हे प्रफुलने सांगितलं. प्रभाकररावांनी लोखंडी स्टूल घेतलं, त्यावर मशीन ठेवलं आणि स्टूल पुढे पुढे ढकलू लागले. भिंतभर नात पलंगाएवढी झाली, मग दाराएवढी, मग टेबलाएवढी. जसजशी लहान होत गेली तसतशी उजळत गेली. सगळा उजेड एवढ्याशा जागेत गोळा झाला. वच्छलाबाई उंबऱ्यावर.

“अजून?”

“अजून.”

शेवटी चित्र मोठ्या परातीएवढं झालं. लग्नात पुऱ्यांची कणीक मळायला देतात तेवढ्या.

“थांबा! हालू नका!” वच्छलाबाई ओरडल्या. मग आवाज एकदम लहान झाला. “दोन्ही डोये एकाच वक्ती दिसले मले. अजी, तिच्या डाव्या गालाले काजळाचा टिपका आहे का?”

प्रभाकरराव भिंतीजवळ वाकले. होता.

“आहे,” ते म्हणाले. “आहे वं.”

“अन् हनुवटी माझ्या मायची आहे. तुमची नाई काई.”

त्या आठवड्यात ती सीडी इतक्यांदा लागली की तानबाही अंगणातून सांगे, आता पाळणा, आता गजेंद्रभाऊची माय. त्या सीडीत बोलणं मात्र नव्हतं. व्हिडिओवाल्याने सगळ्या बारशावर सनई चढवली होती. पोरगी रडायची तर तोंड उघडायचं आणि सनई वाजायची.

उन्हाळ्यापर्यंत उंबऱ्यावरून बरं दिसत होतं. मग वच्छलाबाई म्हणाल्या, आजकाल पोट्टीचा कान कापला जाते. खुर्ची उंबऱ्यावरून सैपाकखोलीच्या मधोमध आली. पाऊसपाण्याच्या दिवसांत मागच्या दाराशी गेली, आणि दसऱ्याच्या सुमाराला अंगणात. घर एका रेषेत होतं म्हणून बरं: बैठक, सैपाकखोली, अंगण. पण त्या रेषेच्या मध्ये मयुरीचा ओटा होता. रोज दिवेलागणीला तिला सैपाक वाकून करावा लागे. गॅसकडून माठाकडे जायचं तर वाकून, कणीक घ्यायची तर वाकून. उभी राहिली की अंगणातून प्रभाकरराव ओरडत, “अवं मयुरी, आड आली!”

“झाली, मामाजी,” म्हणून ती खाली बसे. तिची कंबर दुखायची, हे प्रफुलला माहीत होतं. त्याने तिला मलम आणून दिलं.

अंगणाची भिंत आली आणि खुर्ची मागे जायची थांबली. आता चित्रच लहान करायचं उरलं. प्रभाकररावांनी स्टूल पुढे ढकललं. चित्र लहान झालं, पण पुसट झालं. भिंगाभोवतीचं कडं फिरवलं, इकडे, तिकडे, पार अडेपर्यंत. नातीचं तोंड पिठात पाणी ओतल्यासारखं कालवून गेलं. स्टूल मागे घेतलं तर स्वच्छ, पण मोठं. पुन्हा पुढे, पुन्हा पुसट.

ते मशीन बसमध्ये मांडीवर घेऊन नागपूरला गेले. दुकानदाराने आधी चहा मागवला.

“काका, मशीन एकदम ओके आहे. ह्याच्याहून जवळ नेलं तर फोकस येतच नाही.”

“मले लहान पाह्यजे. हे ताटलीएवढं, साफ.”

“सगळे येऊन विचारतात, मोठं कसं करायचं,” दुकानदार हसला. “लहान करायचं मशीन कोण बनवेल?”

प्रभाकरराव हसले नाहीत. त्यांनी मशीन पुन्हा खोक्यात घातलं. जिंदगीभर ते गिऱ्हाइकाला ‘होऊन जाईल’ म्हणत आले होते. इथे त्यांना ते म्हणणारं कुणी नव्हतं.

घरी आल्यावर वच्छलाबाईंनी विचारलं, “काय म्हणे?”

“ह्याच्याहून लहान होत नाई म्हणे.”

“नाई तं नाई. आहे तेच लावा.”

तेव्हापासून प्रभाकररावही अंगणात खुर्ची टाकून त्यांच्याशेजारी बसू लागले. तिथून त्यांना स्वतःला धड काही दिसत नव्हतं. त्यांच्याही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता, आणि परात पार लांब होती. आत सनई लागली की सुरुवात झाली, एवढं कळायचं. वच्छलाबाई समोर पाहात. मधूनच म्हणत, “टिपका दिसला.” कधी म्हणत, “आज जरासं धुरकट आहे.” मग काहीच म्हणेनाशा झाल्या, तरी बसायची वेळ चुकवत नसत.

प्रेरणाचा फोन आला, संक्रांतीला नक्की येते. पोरगी आता चालायला लागली आहे. वच्छलाबाई म्हणाल्या, “ये. कडेवर देजो माझ्या.”

त्याच आठवड्यातली संध्याकाळ. सनई सुरू झाली. सैपाकखोलीत दूध उतू गेलं आणि मयुरी वाकायचं विसरून धावली. गॅस बंद केला, भांडं फडक्याने उतरवलं, आणि दाराच्या मधोमध ताठ उभी राहिली. मग तिच्या लक्षात आलं. तिने अंगणाकडे पाहिलं.

प्रभाकररावांनी ओरडायला तोंड उघडलं होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. वच्छलाबाई समोर पाहात होत्या, रोजच्यासारख्या, हात मांडीवर ठेवून, मान जराशी पुढे. दारात मयुरी उभी आहे, भिंत पूर्ण झाकली गेली आहे, याने त्यांच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा हललं नाही.

प्रभाकररावांनी तोंड मिटलं. मयुरीच्या हातात गरम भांडं होतं, ते तिला खाली ठेवता येईना.

“अजी,” वच्छलाबाई म्हणाल्या, “आता काय करून राह्यली ती?”

सनई वाजत होती.

“हसून राह्यली,” प्रभाकरराव म्हणाले.

“हो नं? मले वाटलंच.”

मयुरी हळूच वाकली, आणि रोजच्यासारखी वाकूनच ओट्याकडे गेली.