चंद्रीला रागावणारं माणूस

आत्या गेल्याची बातमी मंदाकाकूंनी मला फोनवर दिली, आणि त्याच दमात म्हशीची तक्रारही केली. "अनुवैनी गेल्या गो... पहाटे गोठ्यात जायला उठल्या, ओटीवर बसल्या, त्या बसल्याच. तू ये लवकर. नि चंद्री पान्हा सोडत नाय, कास पार तटतटलीय." मंदाकाकू आत्याच्या शेजारीण, त्यांचा काहीच दोष नव्हता. मृत्यूच्या बातमीतही म्हैस मध्ये यावी, हे आत्याच्या एकंदर आयुष्याशी सुसंगतच होते. अंबरनाथहून बदलापूरच्या पुढच्या त्या गावी पोहोचेपर्यंत मी रडले नाही. मला संताप आला होता. नेमके हेच होणार, असे मी तिला कित्येक वर्षे बजावत होते.

अनसूयाआत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचे यजमान, आमचे काका, गेल्यानंतर तीन म्हशी, थोडी भातशेती आणि दोन्ही बाजूंनी उभ्या राहिलेल्या इमारती यांच्या मधोमध ती एकटी राहिली. तिचे वर्ष म्हशींच्या तब्येतीनुसार चाले आणि प्रत्येक ऋतूत आमचा एक वाद ठरलेला असे. पावसाळ्यात ओल्या गोठ्यामुळे खूर कुजत. मी जमिनीला उतार आणि चुना सुचवी, ती कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करी. त्या धुराने डासांखेरीज सर्वांचे डोळे चुरचुरत. भाताची कापणी झाली की आभाळाकडे पाहून ती घाबरे आणि अर्धवट वाळलेला पेंढा माळ्यावर रचून टाके. त्याला धरलेली बुरशी मी तिच्या हातावर ठेवली, तर म्हणाली, "तुमच्या पावाला नाय येत?" उन्हाळ्यात चारा संपला की म्हशी रस्ता ओलांडून नदीवर जात, आणि सिमेंटचे मिक्सर, शाळेच्या बसगाड्या आत्याच्या एका उंचावलेल्या हातासमोर थांबत. शेजारच्या सोसायटीने शेणाच्या वासाबद्दल नगरपालिकेत अर्ज केला होता. म्हैस व्याली की तीच मंडळी खरवसाच्या चिकासाठी डबे घेऊन दारात येत. "आज वास नाय आला वाटतं?" एवढेच विचारून ती डबा काठोकाठ भरून देई. मला ते मुळीच पटत नसे.

पण या सर्वांहून कठीण प्रकरण होते ते चंद्रीचे. धार काढायला बसली की आत्या तिला रागावू लागे. "काय गो सटवे, परत दुसऱ्याच्या मळ्यात तोंड घातलंस? लाज हाय का? तू एक अशी, नि ती भाची एक तसली. अंबरनाथला काचेच्या नळ्या हलवत बसलीय, लग्नाचं नाव नाय..." विजेच्या बिलापासून पुढाऱ्यांपर्यंत सर्वांचा उद्धार होई, चंद्री शांतपणे रवंथ करी आणि पान्हा सोडी. यात चमत्कार काही नव्हता. पान्हा सुटणे हे एका संप्रेरकाचे काम. ओळखीचा आवाज त्याला चालना देतो, भीती त्याला अडवते. म्हणूनच मी सांगत होते की एकाच माणसाच्या आवाजावर चालणारी व्यवस्था धोक्याची असते, दिवसाआड मंदाकाकूंना बसू दे. आत्याचे उत्तर ठरलेले होते. "मंदाला नाय जमणार. फार गोड बोलते ती."

एका उन्हाळ्यात तिचे गुडघे अगदीच धरले, तेव्हा मी हट्टाने चंद्रीला उल्हासनगरच्या एका तबेल्यात विकायला लावले. आठवडाही झाला नसेल, तोच सिंधी शेठजींचा मला फोन. "बेटी, तुमची भैंस हडताल पे है! खाती है, पीती है, दूध के टाइम पत्थर. आत्या को भेजो." आत्या रिक्षाने गेली, चंद्रीला यथेच्छ रागावली, आणि शेठजींचे पैसे परत देऊन तिला चालवत घरी निघाली. वाटेत अंबरनाथ लागते, आणि अंबरनाथमध्ये माझी कंपनी. फाटकावरून मला बोलावणे आले. सुरक्षारक्षक, आमचे व्यवस्थापक आणि मी अशा तिघांसमोर, गुडघा चोळत आत्या म्हणाली, "बादली आण गो, हिला तहान लागलीय."

आत्या गेल्यावर दोन म्हशी गावातच चांगल्या घरी गेल्या. चंद्री राहिली. मला संशोधनासाठी लवकरच हैदराबादला रुजू व्हायचे होते, आणि धार न देणारी म्हैस पाळणार कोण? मंदाकाकूंनी गोंजारून पाहिले. मी कास शेकली, आत्याचे लुगडे अंगावर घेतले... काही नाही. दूध असेच साचले तर कास कायमची जाईल, असे पशुवैद्यांनी स्पष्ट सांगितले. कास गेली की पुढे काय होते, हे सांगायला भाकड जनावरे नेणारा व्यापारी फाटकाशी येऊन उभाच होता. "ताई, टेम्पो आणलाय. उगाच जीव नका लावू."

त्या क्षणी माझा तोल गेला. व्यापाऱ्यावर नव्हे, आत्यावर. चंद्रीच्या कासेशी बसून मी ओरडू लागले. "सांगितलं होतं ना तुला? कधी ऐकलंस कुणाचं? सगळं आपल्याच हातात ठेवायचं, नि मग खुशाल ओटीवर बसून निघून जायचं! हाक मारायला काय झालं होतं? मंदाकाकू भिंतीपलीकडे होत्या, मी एका फोनवर होते..." बादलीत धार वाजली. मी दचकून गप्प झाले, तशी धार आटली. "बोल गो, बोल!" मंदाकाकू मागून ओरडल्या. "थांबू नको, आई-बापाचं काढ!"

माझा आवाज आत्यासारखा आहे, की चंद्रीला केवळ रागाची पट्टी पुरते, हे एवढ्या निरीक्षणावरून सांगता येणार नाही. व्यापारी रिकामा टेम्पो घेऊन गेला. पुढे चंद्री वांगणीजवळच्या एका जोडप्याकडे गेली. त्यातली बाई फार मऊ स्वभावाची. तिला रागवायला शिकवण्यात माझे शेवटचे रविवार गेले. "आमच्या घरात असं बोलत नाहीत हो, ताई," असे ती अवघडून म्हणायची. अजूनही तिची मजल "अगं चंद्री, असं करू नये" यापुढे गेलेली नाही.

त्यामुळे हैदराबादच्या वसतिगृहात रोज सकाळी माझा फोन वाजतो. "ताई, जरा बोला," असे म्हणून ती फोन चंद्रीच्या कानाशी धरते. मी व्हरांड्याच्या टोकाला जाते आणि सुरुवात करते. आधी चंद्रीला, मग पेंढ्यावरच्या बुरशीला, दुखऱ्या गुडघ्यांनी उल्हासनगरहून चालत आलेल्या त्या हट्टी बाईला... शेजारच्या खोल्यांतल्या मुलींना मराठी कळत नाही, हे बरे आहे. थोड्या वेळाने पलीकडून बादलीत पडणारी धार ऐकू येते. माझे काम तिथे संपते. तरी आणखी थोडा वेळ मी बोलत राहते.