मालनकाकूंचा पांढरा मका

पाणी साचलेल्या रानात दोनच गोष्टी जोमानं वाढतात, डास आणि किस्से! भाटघर धरणाजवळच्या मक्याच्या प्लॉटवर मी मदतनीस आहे. कोणता मका पाण्यात तग धरतो, ते आमच्या मॅडम तपासतात. रान तात्यांचं, अगदी सखल. मॅडमच्या वाणांशेजारी तात्यांनी एक ओळ आपली टाकली. त्यांच्या वारलेल्या बायकोनं, मालनकाकूंनी, राखेत जपलेलं पांढऱ्या मक्याचं बी, घरात तेवढंच उरलेलं.

"ह्ये गेलं की संपलं बगा," तात्या म्हणाले.

"मग इथं कशाला पेरलंत?" मी विचारलं.

"दुसरं रान हाय कुठं?"

* * *

झड उघडली, वरचं पाणी ओसरलं आणि चिखलात उभ्या मक्यानं माना टाकल्या. शेजारचे दत्तोबा भारी कळवळ्याचे. त्यांनी थेट मोटार चालू केली! "तहानलीत वो बिचारी!"

मॅडम चपला चिखलात सोडून धावल्या. मोटार बंद करून म्हणाल्या, "अहो, मुळं गुदमरलीत. पाणी वर चढतच नाहीये."

"मग आदी सांगायचं न्हाई व्हय?" दत्तोबाच चिडले.

* * *

मॅडमनी मग समजावलं. आंब्याच्या आढीत जो वायू फळ पिकवतो, तोच बुडालेल्या मुळांत कोंडतो. पानं पिवळी पडतात. पण चिवट रोपाला तोच वायू खूण देतो, की खालची मुळं गेली, आता बुडख्यावर नवी फोड.

तात्यांनी खाली वाकून एक बुडखा बघितला. मग म्हणाले, "धरणात गाव गेलं तवा आमचा पणजा बी असाच वर सरकला."

* * *

आणि काकूंच्या ओळीला खरंच मुळं फुटली! बुडख्याभोवती पांढरी, जाड. तात्या रोज बघून जायचे.

तेवढ्यात मॅडमचे साहेब प्लॉट बघायला येणार असा निरोप आला. तात्या भोरला गेलेले, मी आणि मॅडम साहेबांना आणायला फाट्यावर. दत्तोबांनी आपणहून खुरपं घेतलं आणि ओळ चकाचक केली. "मक्याला दाढी आल्ती, काढली!"

साहेब म्हणाले, "व्वा, काय स्वच्छ प्लॉट!"

पुन्हा पाऊस लागला आणि मुळांविना काकूंची ओळ कुजून बसली. दत्तोबा तात्यांच्या दारात येऊन नुसते उभे राहिले. तात्यांनी त्यांना चहा दिला. मला मात्र त्या खुरप्याचा असा राग आला होता!

* * *

ओळीतलं एक रोप वाचलं. प्लॉटच्या पाटीमागं होतं, दत्तोबांना दिसलंच नव्हतं. घोटाभर पाण्यात हिरवंगार उभं.

"यानं काय केलं वो नेमकं?" तात्यांनी विचारलं.

मॅडम घुटमळल्या. "ते कळलं तर दुसऱ्या वाणांतही आणता येईल. पण बघायचं तर मुळं खलात वाटून तपासावी लागतात. पाणी आहे तोवरच."

"म्हंजे उपटायचं?"

"नको तात्या. राहू द्या. कणीस धरेल."

"आन् धरलं, तर फुडल्या साली पुन्ना ह्याच पाण्यात पेरायचं ना?"

मी खुरपं पुढं केलं. तात्यांनी ते बाजूला सारलं, पाण्यात बसले, बोटांनी चिखल मोकळा केला आणि रोप अलगद उपटलं. एकही मूळ तुटू दिलं नाही. तिथंच धुऊन मॅडमच्या हातात दिलं.

"मालनचं हाय," म्हणाले. "नीट वाटा."