गोल कोपरा

आमच्या रामवाडीच्या हिरामण गवंड्याने कोपऱ्याला धार काढली, की तिच्यावर पेरू कापून घ्यावा. ओळंबा लावून झाला तरी तो एक डोळा मिटून बघत राहायचा. मी, जनू, त्याचा जोडीदार. माल कालवता कालवता ओरडायचो, "अरे, भिंत हाय ती, नवरी नाय!"

त्याच्या स्वतःच्या घरात मात्र एकही धार नव्हती. लेक दिपिका रांगायला लागली तेव्हा त्याने सगळे कोपरे गोल करून टाकले होते.

पुढे दिपिका रोह्याला दिली. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, अशी रीत. वर्षं सरली, मूल झालं नाही. हिरामण सणाला जायचा, ओट्यावर बसायचा आणि तहानलेला परत यायचा. पेणच्या स्टँडवर उतरला की आधी नळ गाठायचा. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. "तिच्या हातचं तांब्याभर पानी, जनू," तो म्हणायचा. दुसरं काही त्याला नको होतं.

पंच्याण्णव साली जावयाने घर वाढवलं. गिलाव्याला हिरामणच गेला, मला घेऊन. भाकर घरची, पाण्याचा कॅनही घरचा. दिपिका दिवसभर समोर वावरायची, आणि बापाचा जीव नुसता तुटायचा.

शेवटच्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराशी त्याने कमरेपर्यंत कोपरा गोल केला, वर धार ठेवली. विहीणबाई चंद्रावती म्हणाल्या, "व्याही, हितं चुकला का?"

"चुकलो नाय. पोर धरून उभं ऱ्हाईल, त्याला लागाया नको."

बोलून गेला आणि जीभ चावली. दिपिका मागेच उभी होती. तिचा चेहरा पडला. चंद्रावतीबाई गुपचूप आत गेल्या. हिरामणने घाईघाईने थापीवर माल घेतला. धार काढून तो आपला शब्दच बुजवायला निघाला होता बिचारा.

दिपिकाने त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ दे, बाबा. येता-जाता मलाच लागतो ह्यो कोपरा." गिलाव्याआधी उघड्या विटेने मनगटावर उठलेला ओरखडा तिने दाखवला.

हिरामण ओरखड्याकडे बघत राहिला. मग थापी खाली ठेवली, हात धुतले आणि पायरीवर जाऊन बसला.

"पानी आन गो."

"बाबा, पन रीत..."

"माझं पोर तू हायस ना घरात? आन."

तिने आणलं. तो घोट घोट प्यायला. तांब्या रिकामा झाला, तरी तोंडाला लावून बसला होता.