चाँदबीच्या ताटलीतला घास

माझा मोठा भाऊ काल पहाटे गेला. मी जन्मभर त्याच्यावर जळत आलो.

असं लिहू नये म्हणतात. पण अण्णाला खोटं चालत नसे, म्हणून आधी हेच लिहितो.

मला पोस्ट वगैरे लिहायची सवय नाही. नातीनं फोनवर टाइप कसं करायचं ते दाखवलं आहे. चुकलं तर समजून घ्या.

अण्णा माझ्यापेक्षा दीड वर्षानं मोठा. तिसरीत शाळा सोडून शेतात गेला. मी वर्गात पहिला यायचो. तरी घरात काही अडलं की अप्पा, म्हणजे आमचे वडील, त्यालाच विचारायचे, "तुला काय वाटायलंय रं?"

मला कुणी विचारत नसे.

एक गोष्ट सांगतो. सत्तरच्या वर वर्षं झाली, कुणाला सांगितलेली नाही.

आमचं गाव कोहिनूर. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन दोनेक वर्षं झाली होती. शेजारी चाँदबी एकटी राहायची. तिच्या घरची माणसं त्या दिवसांत गेली. कुठं गेली, हे आमच्या घरात मोठ्यानं बोलत नसत. आई मात्र रोज अण्णाच्या हाती तिला ताकातल्या कण्या पाठवायची.

त्या उन्हाळ्यात अण्णा विहिरीत पोहत असताना गळ्यातला दोरा तुटला आणि त्यातलं इष्टलिंग पाण्यात गेलं.

आमच्या लिंगायतांत नेम असा, की लिंग हरवलं तर स्वामी, म्हणजे आमचे गुरू, येऊन दुसरं बांधेपर्यंत अन्न तोंडात घालायचं नाही. स्वामी कल्याणीला गेलेले. दुसऱ्या दिवशी येणार होते.

आईनं मला अण्णाच्या मागं लावलं. "बघ, त्याला काय खाऊ देऊ नको. खाल्ला तर पळत येऊन सांग."

मला फार आनंद झाला. पहिल्यांदाच त्याच्यावर माझी राखण होती.

संध्याकाळी तो नेहमीसारखा कण्या घेऊन निघाला. मी मागं.

चाँदबी तापानं पडली होती. कालच्या कण्या तशाच. परवाच्या पण.

"चाँदबी, खाईनास कामून?"

"नक्को रे बाबा. अकेले के गले में निवाला उतरता नै. तू खा, तो मैं खातूं."

अण्णानं एकदा तिच्याकडं बघितलं. मग तिचीच जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटली ओढली, कण्या ओतल्या आणि पहिला घास स्वतः खाल्ला.

लिंग गळ्यात नसताना. तिच्या ताटलीत.

म्हातारीनं दुसरा घास घेतला. मग तिसरा. डोळ्यांतून पाणी काढत ती खात होती.

मी पळालो. इतक्या जोरात मी शाळेच्या शर्यतीतही पळालो नव्हतो.

अप्पा कडक माणूस. पूजा झाल्याशिवाय पाणी न पिणारे. अण्णा घरी आला तेव्हा ते उंबऱ्यात उभे होते.

"खाल्लास?"

"व्हय."

"कामून?"

"ती उपाशी व्हती."

"तुझा नेम न्हाई आठवला?"

"आठवला की."

"मग?"

"मला सांगता येत न्हाई अप्पा. खायला पायजे, येवढं दिसलं."

मी वाट बघत होतो, आता बसेल एक.

अप्पा माझ्याकडं वळले. "तू बी तिथं व्हतास. तू काय केलास?"

"मी सांगायला आलो."

मला जे काम नेमून दिलं होतं ते मी केलं होतं. माझं काय चुकलं, ते अप्पांनी सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "आता हे कुणाला सांगू नको."

दुसऱ्या दिवशी स्वामी आले, अण्णाला लिंग बांधलं. नेम पाळला का, असं त्यांनी विचारलं नाही. आणि आमचे अप्पा, सगळ्या गावात नेमाचे कडक, ते पण गप्प राहिले. त्याच्यासाठी.

माझ्यासाठी ते कधी असे गप्प राहिले नाहीत.

पुढं मी गुलबर्ग्याला कॉलेजला गेलो. नीतिशास्त्राच्या तासाला सर म्हणाले, काही कर्तव्यं अशी असतात की ती सिद्ध करावी लागत नाहीत. पिवळा रंग पिवळा दिसतो तशी ती सरळ दिसतात. मी त्यावर चार पानं उत्तर लिहिलं. वर्गात सगळ्यात जास्त मार्क्स मलाच.

सुट्टीत येऊन अण्णाला ऐकवलं. तो बैलाला पाणी पाजत होता.

"हे शिकायला गुलबर्ग्याला जायला लागतंय व्हय रं?"

मला राग आला. म्हणालो, "सरळ दिसतं तर मग त्या दिवशी मला का दिसलं नाही?"

अण्णानं बादली खाली ठेवली.

"तुला बी दिसलं असतं की. तू तिच्याकडं बघतच नव्हतास. माझ्याकडं बघायलतास."

त्यानंतर मी तेहतीस वर्षं शाळेत शिकवलं. नागरिकशास्त्र. कर्तव्यं पाठ करून घेतली. अण्णा गावातच राहिला. लोक भांडण घेऊन त्याच्याकडं जायचे, सरकारी फॉर्म भरून घ्यायला माझ्याकडं.

काल दुपारी मळ्यात त्याला माती दिली. आमच्यात बसवून पुरतात, तळहातावर लिंग ठेवून. तेच लिंग, स्वामींनी त्या दिवशी बांधलेलं. मी खड्ड्याच्या काठाशी उभा राहून तेच बघत होतो. मनात होतं, मेल्यावर पण हा कसा सरळ बसलाय.

तेवढ्यात वैनीचा आवाज आला.

"रशिदा, आत ये गं. बांधावर कामून थांबलीस? तू बी माती दे."

चाँदबीची नात, लांबच्या गावी दिलेल्या लेकीची मुलगी. तिच्या गावाहून दोन बस बदलून आलेली. बराच वेळ उन्हात उभी होती म्हणे.

मी बांधाकडं तोंड करूनच उभा होतो. मला दिसली नाही.

मी या वेळेसही अण्णाकडंच बघत होतो.

रशिदानं माती दिली. मग मी दिली.

अण्णा, हेवा अजून गेला नाही. पण आता बघायला तू नाहीस, तर कदाचित मला दुसरं काही दिसेल.

शरणु शरणार्थी, अण्णा.