देवाच्या कोंबड्यांची मोजणी

जगन आता रोह्याच्या गुरांच्या दवाखान्यात परिचर आहे. पेणहून रोहा म्हणजे काही परदेश नव्हे, पण त्याची आई चंद्रावतीबाई चार वर्षांत एकदाही त्याच्याकडे गेलेली नाही. गावात लोक सुनेला दोष देतात. लोकांच्या जिभेला काय हाड असतं? खरं कारण मला ठाऊक आहे, कारण तेव्हा जगनचा साहेब मी होतो.

जगन मूळचा पेणच्या खाडीकाठचा. बाप मिठागरावर राबून लवकर गेला, आईने खारजमिनीतल्या भातावर एकुलतं पोर वाढवलं. दहा वर्षांचा असताना त्याला बांधावर विषारी फुरसं चावलं. पोरगा हातचा गेला असं सगळे म्हणाले, तेव्हा आईने बांधावरच्या राखणदार देवाला नवस केला : हा जगला तर, जगेल तितकी वर्षं, दर माघात तुला एक कोंबडा. पोरगा जगला. पुढे तीस वर्षं बाईने एक साल चुकवलं नाही.

मोठेपणी हाच जगन पेणच्या आमच्या गुरांच्या दवाखान्यात लागला. कोंबडी धरावी तर जगननेच. त्याच्या हातात गेली की ती ओरडायचीच विसरायची. लस टोचायच्या दिवशी गावातल्या बायका मला नव्हे, जगनला हाका मारायच्या. मला त्याचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

करोनाचं पहिलं वर्ष सरलं आणि त्या जानेवारीच्या अखेरीस जगनच्याच गावाबाहेरच्या एका पोल्ट्रीत कोंबड्या पटापट मरू लागल्या. तपासणीत बर्ड फ्लू निघाला. नियम ठरलेला होता. एक किलोमीटरच्या आत एकही कोंबडी जिवंत ठेवायची नाही, शेडमधली नाही आणि घरातली गावठीही नाही. जेसीबीने खड्डा काढला. ज्या पांढऱ्या पोशाखातली माणसं करोनात पेशंट न्यायला आली होती, त्याच पोशाखात आम्ही गावात शिरलो. म्हाताऱ्या आम्हाला बघून दारं लावून घ्यायच्या. मी स्वतः घरोघरी विचारलं, "तुमच्या कोंबड्या किती?" बायकांनी मुकाट सांगितलं, सहा, नऊ, अकरा. जगन माना मुरगळत गेला. दोन दिवसांत काम आटोपलं आणि गावात एकही पक्षी शिल्लक नाही, असा अहवाल मी सही करून पाठवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी जंतुनाशक म्हणून अंगणांतून चुना मारायला गावात शिरतो तोच कोंबडा आरवला. मग दुसरा. मग वरच्या आळीत तिसरा. अख्खं गाव मला वेडावून दाखवतंय असं वाटलं आणि माझं डोकंच फिरलं.

"जगन, हे काय आहे?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "साहेब, ते देवाचे हायत."

हळूहळू त्याच्याकडून काढून घेतलं. माघात बांधावर राखण द्यायची असते, म्हणजे राखणदाराला कोंबडा कापायचा असतो. तिचा कोंबडा दिवाळीतच बाजूला काढतात. त्या दिवसापासून तो घराचा राहत नाही. त्याला दाणे घालायचे, पण आपला म्हणायचं नाही. मी विचारलं होतं तुमच्या किती, आणि बायकांनी आपल्या तेवढ्या सांगितल्या होत्या. कुणी खोटं बोललं नव्हतं. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढा प्रामाणिक घोटाळा मी पाहिला नव्हता. आणि जगनला तो पहिल्या दिवसापासून ठाऊक होता.

"आठ दिसांवर राखण हाय, साहेब," तो म्हणाला. "तवर ऱ्हाऊ द्या. मंग देवच घेल त्यांना. माझ्या आयचाबी एक हाय."

आठ दिवसांत तो रोग नागोठणं ओलांडून कोलाडपर्यंत गेला असता, आणि त्या वाटेवर शेडच शेड. हे त्याला शांतपणे समजावून सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "तुझी नोकरी आजच्या आज घालवीन. तूच जा आणि दारोदार विचार. तुला कुणी खोटं सांगणार नाही." त्या बोलण्याची मला अजून लाज वाटते. पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन, याची त्याहून जास्त वाटते.

जगन निघाला, मागोमाग मी. ओळख पटावी म्हणून तोंडावरची पट्टी खाली ओढून प्रत्येक दारात एवढंच विचारी, "देवाचा कोंबरा कुठं हाय?" देवाच्या कोंबड्याबद्दल खोटं बोलायची कुणाची छाती झाली नाही. शेजारच्या सगुणाबाईने माळ्यावरचं डालगं काढून दिलं आणि त्याच्या तोंडावर थुंकली. "इस्वासानं तुला घरात घेत व्हतो रं आमी!" त्याने बाहीने गाल पुसला, मान मुरगळली, कोंबडा पिशवीत टाकला. दुपारपर्यंत सतरा झाले. अठरावं घर त्याचं होतं.

चंद्रावतीबाई कोंबडा मांडीवर घेऊन अंगणातच बसल्या होत्या. बातमी आमच्या आधी पोचली होती. "जगन, मी देवाला आताच देते," त्या म्हणाल्या. "मंग तू ने."

कोंबडा देताना त्याच्या डोक्यावर पाणी सोडतात. त्याने अंग झाडलं की देवाने घेतला. मी म्हटलं, घ्या उरकून.

त्यांनी पाणी सोडलं. कोंबडा हलला नाही. तांब्याभर ओतलं. त्याची मान पुढे लोंबली. तुऱ्याची टोकं जांभळी पडली होती, ती मला दिसली आणि जगनलाही दिसली. धडधाकट कोंबडा पाणी पडलं की अंग झाडणारच, पण हा रोगाने पार गळाला होता.

"घे रं देवा," बाई रडायला लागल्या. "तीस वर्सं दिलाय. एवढा घे." मग स्वतःच्याच हाताने त्याचे पंख हलवून ओरडल्या, "झाडलान! बगा, झाडलान!" जगनने वाकून त्यांच्या हातातून कोंबडा काढून घेतला आणि मान मुरगळली.

मला गप्प बसवलं नाही. म्हणालो, "बाई, तो आजारीच होता. राखणीपर्यंत टिकला नसता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंदेखील नाही. डोळे पुसून मुलाला म्हणाल्या, "आयकलास? त्यानं नाय घेतला. आता त्यो तुलाच मागंल. आनि मागितलान त मी आडवी येनार नाय."

जगनने कोंबडा पिशवीत टाकला. मग पिशवीचं तोंड बांधलं, चुन्याची पाटी उचलली आणि आईपाशी येऊन म्हणाला, "आये, उठ जरा. इथं चुना मारायचा हाय."