मंगोलियन चहापायी हुकलेला ज्वालामुखी

शाळेत भूगोल शिकवताना मी फळ्यावर इतके ज्वालामुखी काढले, की झोपेतही काढता येतील. खरा एकही पाहिला नव्हता. म्हणून निवृत्त झाल्यावर ठरवलं, विवराच्या काठावर उभं राहून एकदा आत डोकावायचंच. चीनमधल्या इनर मंगोलियात ज्वालामुखी आहे, आणि वाळूनं गिळलेली जमीन पुन्हा गवताळ करून तिथे उद्यानही केलंय. सोबतीला मोठ्या बहिणीला, सुमनताईला घेतलं. ती आर्वीजवळच्या खेड्यात राहते आणि नागपूरच्या पुढे कधी गेलेली नव्हती.

जाणाऱ्यांनी मनाची तयारी ठेवा. नागपूरहून थेट काही नाही. दिल्ली, तिथून चीन, मग आतलं आणखी एक विमान आणि वर हाडं खिळखिळी करणारी बस. रोख पैसे घ्यायला कोणी राजी नसतं, सगळं फोनवरून. आणि आपला फोन नेमका तेव्हाच रुसतो. शाकाहारी असाल तर चिवडा आणि लोणचं भरपूर न्या. 'मांस नको' म्हटलं तर मांस बाजूला काढून तीच भाजी पुन्हा पुढे येते.

उद्यानात तर माझं डोकंच फिरलं. इतकं दूर गवत पाहायला आलो आणि गवतावर पाय ठेवायला बंदी! लाकडी वाटेवरूनच चालायचं. आमची गाईड त्याच भागातली, इंग्रजी बोलणारी मुलगी. वाळू उडू नये म्हणून पेंढ्याचे चौकोन खोचतात आणि मग त्यांत गवत धरतं, हे तिनं दाखवलं. काम खरंच मोठं आहे. पण भटक्या पशुपालकांच्या म्हणून दाखवलेल्या तंबूंत एसी, खाली सिमेंट, आणि घोड्यासोबत फोटोचे वेगळे पैसे! समोर मात्र तो ज्वालामुखी होता. काळा, बुटका, वरून कापल्यासारखा. मला दुसरं काही दिसेना.

"तिकडची शेवटची बस तासाभरानं आहे," गाईड म्हणाली. "त्याआधी एका पशुपालकाच्या घरी चहा."

घरच्या बाईनं वाट्यांमध्ये खारट दुधाळ चहा ओतला, वर भाजलेलं धान्य. गाईडनं बजावलं, "वाटी रिकामी दिसली की ती भरणारच. नको असेल तर थोडा चहा तळाशी ठेवा." मी ते ताईला मराठीत नीट सांगितलं.

ताईनं वाटी रिकामी केली. बाईनं भरली. ताईनं पुन्हा रिकामी केली.

"ताई, थोडा राहू दे वं! बस जाईन ना!"

"टाकून देऊ काय मंग?"

"टाक! एक दिवस टाक!"

"काहून इतकी घाई करून राहिली वं? किती मायेनं देऊन राहिली ते बाई."

आमच्या सहलीतली बाकीची मंडळी गाईडसोबत पुढे गेली. ताईला तिथली भाषा येत नाही, फोन चालत नाही. तिला एकटीला टाकून जायला मन होईना. शेवटी तिला ओढतच थांब्यावर आणलं, तर बसची धूळ तेवढी दिसली. दुसऱ्या दिवशी परतायचं होतं. मी तिथेच रागानं रडले. वर जाऊन आलेले लोक मला विवराचे फोटो दाखवत बसले, तेही सोसलं. नागपूरपर्यंत ताईशी कामापुरतंच बोलले.

प्रताप नगरला माझ्या घरी पोचल्यावर मात्र राहवलं नाही. "मी काय सांगितलं ते तुले समजलं नव्हतं काय?"

बॅगेतल्या साड्या काढता काढता ती म्हणाली, "समजलं होतं. थोडा ठेवला असता तर तिनं वाढणं बंद केलं असतं ना."

"म्हणजे?" मी विचारलं.

"लग्न झाल्यापासून मीच साऱ्यायले वाढून राहिली वं. मले कोणी 'अजून घे' म्हटल्याचं आठवत नाही. म्हणून पेत राहिली."

विवर पाहायचं राहूनच गेलं. त्याचा राग अजून गेलेला नाही, फक्त आता तो कोणावर काढावा ते कळत नाही. त्या संध्याकाळी ताईला ताटावर बसवून मी गरम पोळ्या वाढल्या.

"पुरे वं," ती म्हणाली.

मी ऐकलं नाही.