सावंत मास्तरांची पाव गोळी

शिवणखात्यात वीस वर्षं काढली की किस्से जमवावे लागत नाहीत. चिंध्यांसारखे टेबलाखाली आपोआप साठतात, झाडायला घेतले तर संपत नाहीत! गोरेगावच्या एका स्टुडिओत आम्ही तिघं होतो: कपडे बेतणारे सावंत मास्तर, मशीनवर बसणारी मढची फिलोमिना आणि हूक-बटणं लावणारी मी, शालन. लोक मला हिरो-हिरॉइनचं विचारतात. मला आठवतात त्या गोळ्या!

*

माझं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं. झोप उडाली, छातीत सारखी धडधड. डॉक्टरांनी एक बारीकशी गोळी लिहून दिली. म्हणाले, "पंधरा दिवस घ्या, बरं वाटेल."

बरं वाटलं ना! पंधरा दिवसांची सहा वर्षं कधी झाली, कळलंच नाही. चिठ्ठी घडीवर फाटली, तर मी तिला मागून मलमलची पट्टी चिकटवली. केमिस्ट हसून म्हणाला, "ताई, तुमची चिठ्ठी भारी टिकाऊ हां!"

अजून कशाला घेता, असं मात्र एकानेही विचारलं नाही.

*

एकदा हिरोच्या शेरवानीला बटणं लावताना कोणी आलं म्हणून मी गोळ्यांचं पाकीट तिच्याच खिशात सरकवलं, ते तिथेच राहिलं. तासाभरात असिस्टंट डायरेक्टर पाकीट नाचवत आला. "हिरोच्या खिशात झोपेच्या गोळ्या! कोणाच्या आहेत?"

मी सुई ठेवून उठले. तेवढ्यात कात्री खाली न ठेवता मास्तर म्हणाले, "माझ्या."

तो बडबडत निघून गेला. मी म्हटलं, "मास्तर, माझ्यासाठी खोटं कशाला बोललात?"

मास्तरांनी चमकून सदऱ्याचा खिसा चाचपला. आतून तसंच पाकीट निघालं! "खोटा खंय गो? माका वाटला, माझाच पडला!"

बायको गेल्यापासून अकरा वर्षं ते तीच गोळी घेत होते. एकाच टेबलावर बसून दोघं एकमेकांपासून लपवत होतो.

*

मग आम्ही ठरवलं, बंद म्हणजे बंद! सोमवारी दोघांनी पाकिटं कचऱ्यात टाकली.

गुरुवारी मला सुईत दोरा ओवता येईना. मशीनचा आवाज कवटीवर हातोडी मारल्यासारखा. मास्तरांच्या अंगाला दरदरून घाम, आणि हातातला खडू कापडावर नागमोडी चाललेला. फिलोमिनाने तो कापलेला शर्ट उचलून धरला. "मास्तर, हिरोला एक हात आखूड हाय काय?"

आम्ही हसलो नाही, तशी ती घाबरली. दोघांना दंडाला धरून एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाई आमच्यावर अशा ओरडल्या! "इतक्या वर्षांची गोळी अशी एकदम सोडतात? फिट आली असती! पुन्हा चालू करा. मग मी सांगेन तशी थोडी थोडी कमी करायची. महिने लागतील."

मास्तर म्हणाले, "लागू देत. आता सोडल्याशिवाय राहणार नाही."

*

पहिल्यांदा पाव गोळी कमी करायची होती. ज्या माणसाने जरीचे शालू डोळे मिटून कापले असते, तो त्या इवल्याशा गोळीपुढे ब्लेड घेऊन श्वास रोखून बसला. चार तुकडे अगदी सारखे हवेत! तिसऱ्या तुकड्याला ब्लेड घसरलं आणि तो उडून खडूच्या चुऱ्यात पडला. पांढऱ्यात पांढरं!

मी म्हटलं, "यातली गोळी कुठली नि खडू कुठला?"

फिलोमिना मशीनवरून म्हणाली, "दोनी खा. एक तरी लागू पडेल!"

*

सगळं झकास चाललं होतं असं नाही. चिडचिड तर इतकी, की मी एका हिरॉइनच्या अंगावर ओरडले. दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली, पण गोळी वाढवली नाही.

मास्तर अर्ध्या गोळीवर आले, आणि त्याच आठवड्यात गावाहून थोरला भाऊ गेल्याची तार आली. गावाहून परतले ते मान खाली घालून. "शालन, आख्खी घेतलंय. चार दिवस."

मला रडूच आलं. सहा महिन्यांची वाट लागली! पण मी बोलले एवढंच, "मग आज किती?"

त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली, उलगडून दाखवली. "डॉक्टरीणबाईक विचारून इलंय. आज पुन्हा अर्धी."

*

शेवटचा तुकडा मी मास्तरांच्या आधी महिनाभर सोडला. त्यांनी सोडला, त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी लढाईचा सीन होता. बाहेर तोफा, सुरुंग, घोडे, दीडशे माणसांचा आरडाओरडा. नेमकी घोड्यावर चढताना हिरोची विजार मागून टरकन फाटली!

"मास्तर कुठे? मास्तरांना बोलवा!"

मास्तर कुठेच नाहीत. मी कपड्यांच्या खोलीत गेले. सैनिकांच्या अंगरख्यांच्या ढिगावर मास्तर आडवे, तोंड उघडं, आणि घोरताहेत! बाहेर तोफ धडाडली, भिंत हादरली. मास्तर कुशीवर वळले.

डायरेक्टर स्वतः धावत आला. मी दारात दोन्ही हात आडवे लावले.

"बाजूला हो! उठव त्याला!"

"नाही उठवणार!"

"अगं, सगळं युनिट थांबलंय!"

"थांबू दे! अकरा वर्षांनी आपणहून झोपलाय माणूस! हिरोला म्हणावं, टाचणी लाव!"

डायरेक्टरने आत डोकावून बघितलं. मग पाऊल न वाजवता मागे फिरला.

तो सीन सिनेमात अजून तसाच आहे. अख्खी लढाई हिरो घोड्यावरून खाली उतरत नाही!